तीन दिवसांचं अंगकोर: स्वस्त दौऱ्यामागचा जुना हिशेब

अंगकोरची देवळं पाहायला कंबोडियातल्या ज्या गावात उतरतात, त्या सिएम रीपमधल्या कुठल्याही टुकटुकवाल्याला विचारलं तर तो दौरा तीन तुकड्यांत सांगतो: छोटी फेरी, मोठी फेरी आणि बान्तेय स्रेई. छोटी फेरी 17 किलोमीटरची, मोठी 26 किलोमीटरची आणि बान्तेय स्रेईचं देऊळ सिएम रीपपासून साधारण 35 किलोमीटरवर. मंदिरं कधी बांधली याच्याशी या विभागणीचा काही संबंध नाही. फ्रेंच अमदानीत मोटारीतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी जंगलातून रस्ते काढले गेले, त्या रस्त्यांची ही वाटणी आहे. त्यामुळे बहुतेकांचा इतिहास उलटा पाहून होतो. पहिल्याच पहाटे बाराव्या शतकातलं अंगकोर वाट, आणि जिथून सगळं सुरू झालं ते नवव्या शतकातलं रोलुओस ‘वेळ उरला तर’. तेवढ्याच पैशांत क्रम सुलटा करता येतो, आणि तो करावा.

अंगकोरच्या ख्मेर साम्राज्याची सुरुवात इसवी सन 802 ची मानतात. दुसऱ्या जयवर्मनने महेंद्रपर्वतावर, म्हणजे आजच्या कुलेन डोंगरावर, ‘देवराज’ विधी करून स्वतःला सार्वभौम घोषित केलं. हे आपल्याला कळतं ते अकराव्या शतकातल्या स्दोक कोक थोमच्या शिलालेखातून, आणि तो सापडला आजच्या थायलंडच्या हद्दीत. पुढे पहिल्या इंद्रवर्मनची राजधानी हरिहरालय, तेच आजचं रोलुओस. सिएम रीपच्या पूर्वेला 13 किलोमीटरवर, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 ला लागून. इथलं प्रेआ को 879 सालचं: विटांचे सहा मनोरे, त्यांवर चुन्याच्या गिलाव्याची उरलीसुरली नक्षी आणि समोर बसलेले तीन नंदी. शेजारचं बाकोंग 881 चं. पाच टप्प्यांचा दगडी पिरॅमिड म्हणजे मेरू पर्वत, भोवतीचा खंदक म्हणजे समुद्र. अंगकोर वाटचा सगळा आराखडा इथे लहान मापात उभा आहे, फक्त अडीचशे वर्षं आधी. 893 च्या लोलेईत दारांच्या चौकटींवर कोरीव लेख आहेत. लिपी ओळखीची वाटते पण वाचता येत नाही, कारण तिचं मूळ दक्षिण भारतीय लिप्यांत आहे. रोलुओसला अर्धा दिवस पुरतो, गर्दी नसते आणि अंगकोरचाच पास इथेही चालतो.

शब्दही ओळखीचे भेटत राहतात. ‘अंगकोर’ हे ‘नगर’चंच ख्मेर रूप. ‘स्रेई’ म्हणजे स्त्री. ‘ता प्रोम’ या देवळाच्या नावातला प्रोम म्हणजे ब्रह्मा.

नवव्या शतकाच्या अखेरीस यशोवर्मनने राजधानी अंगकोरला नेली आणि साडेसात किलोमीटर लांब, 1.8 किलोमीटर रुंद असा पूर्वेचा तलाव बांधला. तो आज कोरडा आहे. मोठ्या फेरीत पूर्व मेबोनला उतरल्यावर भोवती भातशेती दिसते, तेव्हा आपण तलावाच्या मधल्या बेटावर उभे आहोत हे सांगितल्याशिवाय कळत नाही. मेबोन आणि प्रे रूप ही दोन्ही राजेंद्रवर्मनची, दहाव्या शतकाच्या मध्यातली. बान्तेय स्रेई 967 चं, आणि ते राजाने नव्हे, यज्ञवराह नावाच्या विद्वान राजगुरूने बांधवलं. अंगण इतकं लहान की काही दारांतून वाकून जावं लागावं, पण गुलाबी वालुकाश्मातलं कोरीवकाम लाकडातल्यासारखं खोल. कैलास हलवणारा रावण इथे आहे. वेरूळला तो प्रसंग पाहिलेल्याने दोन्ही शिल्पं मनात शेजारी ठेवून पाहावीत: वेरूळचा रावण गुहेएवढ्या जागेत, इथला एका त्रिकोणी शिरोपट्टीत.

अंगकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्मनचं, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. बाहेरची भिंत 1,025 मीटर बाय 802 मीटर, खंदक 190 मीटर रुंद, मधला मनोरा 65 मीटर उंच. विष्णूचं हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे, आणि गर्दीचं गणित यातच आहे. पहाटे लोक येतात ते मनोऱ्यांच्या मागून उगवणारा सूर्य पाहायला, म्हणजे समोरची बाजू त्या वेळी अंधारात असते. दगडावर उजेड हवा असेल तर दुपारी दीडनंतर जावं. पश्चिम सज्जाच्या दक्षिण अर्ध्यात कुरुक्षेत्र आहे, उत्तर अर्ध्यात लंकेचं युद्ध. शरपंजरी पडलेले भीष्म शोधायला आपल्याला वाटाड्या लागत नाही. पूर्वेला 49 मीटरचा समुद्रमंथनाचा पट: एका बाजूला 92 असुर, दुसरीकडे 88 देव. शतकानुशतकांच्या हातांनी काही आकृत्या काळ्या, गुळगुळीत झाल्या आहेत. हात लावायचा मोह तिथेच होतो, आणि तिथेच लावू नये.

दगडाकडे जवळून पाहिलं की बरंच कळतं. जवळजवळ प्रत्येक चिऱ्यावर बोटाएवढी गोल भोकं दिसतात. त्यांत खुंट्या बसवून दोराने चिरा उचलायचा आणि खालच्या चिऱ्यावर घासून बसवायचा, अशी पद्धत होती. सांध्यात चुना नाही, जसा आपल्या हेमाडपंती देवळांत नसतो. वालुकाश्म कुलेनच्या पायथ्याच्या खाणींतून यायचा, आतला भराव जांभ्या दगडाचा आणि वाळूचा. खरी कमान ख्मेर कारागिरांनी वापरली नाही. थर पुढे सरकवत छत मिटवायचं, म्हणून दालनं अरुंद आणि लांबलचक. दुबळेपणाही इथलाच. कोरड्या सांध्यात पक्ष्याने टाकलेलं बी रुजतं, मूळ फट रुंदावतं. चिरा थर उभे ठेवून लावला असेल तर त्याचे पापुद्रे सुटतात. पाया वाळूचा असल्याने जमिनीतल्या पाण्याची पातळी खालीवर झाली की तो हलतो. गावात हॉटेलं वाढली आणि भूजलाचा उपसा वाढला, तेव्हा तज्ज्ञांना धास्ती वाटली ती म्हणूनच.

1177 मध्ये चाम सैन्याने, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनाममधल्या चंपा राज्याच्या फौजेने, राजधानी लुटली. 1181 मध्ये गादीवर आलेला सातवा जयवर्मन महायान बौद्ध होता. अंगकोर थोमची तीन किलोमीटर बाजूची तटबंदी, बायोन, ता प्रोम (1186), प्रेआ खान (1191) हे सगळं त्याचं. अंगकोर वाट वगळलं तर छोट्या फेरीतला मोठा भाग या एका राजाच्या काळातला आहे, आणि घाईत बांधल्याचं दिसतंही. ता प्रोमच्या शिलालेखात देवस्थानाचा खर्च चालवणारी 3,140 गावं, 79,365 माणसं आणि 615 नर्तिका यांची नोंद आहे. म्हणजे आज झाडांच्या मुळांचे फोटो काढतो ती जागा एकेकाळी एक आख्खं संस्थान होती. बायोनमध्ये सगळे मनोऱ्यांवरच्या दगडी चेहऱ्यांकडे बघत वर चढतात. खालच्या बाहेरच्या सज्जात बाजार, कोंबड्यांची झुंज, चाम लोकांशी होड्यांतून झालेली लढाई कोरली आहे. तिथे अर्धा तास ठेवावा.

अंगकोर ‘हरवलं’ आणि 1860 मध्ये आंरी मुओ या फ्रेंच प्रवाशाला ‘सापडलं’, ही कथा माहितीपत्रकांत अजून छापली जाते. 1431 च्या सुमारास अयुथ्थया या सयामी राज्याच्या स्वारीनंतर राजधानी दक्षिणेकडे सरकली हे खरं, पण अंगकोर वाट बौद्ध विहार म्हणून वापरात राहिलं. 1632 मध्ये आलेल्या जपानी यात्रेकरूने खांबावर शाईने लिहिलेला मजकूर तिथे आहे. त्याआधी 1586 मध्ये आंतोनियो द मादालेना हा कापुचिन पाद्री इथे येऊन गेला. त्याने सांगितलेलं वर्णन लिहून ठेवलं ते गोव्यातल्या पोर्तुगीज दफ्तराचा प्रमुख दियोगो द कोउतो याने. ते कागद छापून बाहेर यायला विसावं शतक उजाडलं, नाहीतर अंगकोरच्या ‘शोधा’चं श्रेय जुन्या गोव्याकडे आलं असतं.

1907 मध्ये सयामने, म्हणजे आजच्या थायलंडने, सिएम रीपचा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यातल्या कंबोडियाला दिला, आणि 1908 मध्ये फ्रेंच पौर्वात्य संस्थेने जतनाची कचेरी उघडली. पहिला अधिकारी जां कोमाय 1916 मध्ये दरोडेखोरांच्या हातून मारला गेला. फेऱ्यांचे रस्ते, 1932 चं ग्रँड हॉटेल, ता प्रोमला मुद्दाम झाडांसकट ठेवण्याचा निर्णय, हे या कचेरीच्या आगेमागेचं. 1923 मध्ये आंद्रे मालरो या तरुण फ्रेंच लेखकाने बान्तेय स्रेईतून मूर्ती कापून नेल्या आणि तो पकडला गेला. पुढे तो फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला! 1931 पासून आंरी मार्शालने तेच देऊळ चिरे उतरवून, जुळवून पुन्हा उभं केलं. जावातल्या डच तंत्राचा अंगकोरमधला तो पहिला मोठा प्रयोग. हीच पद्धत अंगकोर थोममधल्या बाफुओन या देवळाला नडली. सुमारे तीन लाख चिरे सुटे करून मांडले, युद्धामुळे काम थांबलं, ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात नोंदी नष्ट झाल्या. 1995 ला पुन्हा हात घातला आणि 2011 मध्ये देऊळ खुलं झालं.

1986 ते 1993 अंगकोर वाटवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने काम केलं. बाहेरचं फारसं कोणी यायला तयार नव्हतं तेव्हाचं हे काम. दगडावरचं शेवाळ आणि दगडफूल (हो, गोडा मसाल्यात पडतं त्याच जातकुळीचं) रसायनांनी काढल्याबद्दल त्यावर टीकाही झाली. ता प्रोमची दुरुस्ती नंतर त्याच विभागाकडे आली. तिथे लोखंडी आधार आणि लाकडी पायवाटा दिसतात त्या मुळं आणि भिंती दोन्ही सांभाळण्यासाठी. झाड भिंत फोडतं आणि धरूनही ठेवतं. झाड मेलं की भिंत जाते.

खिशाचा हिशेब इथून सुरू होतो. 1992-93 मध्ये संयुक्त राष्ट्रांची मोहीम आली, तिच्या माणसांबरोबर डॉलर आले आणि राहिले. आजही पासाचे, खोलीचे, टुकटुकचे भाव डॉलरमध्येच सांगतात, सुटे मिळतात रिएलमध्ये. एका डॉलरला साधारण 4,000 रिएल धरावेत. किंचित फाटलेली किंवा शाई लागलेली नोट कोणी घेत नाही, तेव्हा मुंबईत डॉलर घेतानाच कोऱ्या नोटा मागाव्यात. एटीएमचं शुल्क दर वेळी काही डॉलर जातं, म्हणून एकदाच काढावेत, आणि शंभराची नोट आली तर बँकेत किंवा मोठ्या दुकानात मोडावी.

1992 मध्येच अंगकोर जागतिक वारशाच्या यादीत आलं, सोबत ‘धोक्यातल्या’ यादीतही, तिथून 2004 मध्ये सुटलं. तिकिटांची विक्री बरीच वर्षं खासगी कंपनीकडे होती. 2016 मध्ये ती सरकारी संस्थेकडे आली आणि 1 फेब्रुवारी 2017 ला दर वाढले: एक दिवस 20 चा 37 डॉलर, तीन दिवस 40 चा 62, सात दिवस 60 चा 72. प्रत्येक तिकिटातले 2 डॉलर कान्था बोफा या मुलांच्या रुग्णालयाला जातात. स्वस्त दौऱ्यातला सर्वांत मोठा खर्च हाच आणि यात घासाघीस नाही. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी चालतो, मध्ये विश्रांती घेता येते. संध्याकाळी पाचच्या सुमारास घेतलेला पास दुसऱ्या दिवसापासून मोजतात, पण त्याच संध्याकाळी सूर्यास्ताला आत सोडतात. पासावर फोटो असतो आणि प्रत्येक देवळाशी तपासतात. बान्तेय स्रेईला जाऊन पास खोलीवर राहिल्याचं कळलं की दिवस गेला. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, पण वय दाखवायला पासपोर्ट लागतो.

रस्त्याचा भागही इतिहासानेच बिघडवला आहे. बँकॉकहून रेल्वेने अरण्यप्रथेत, पायी पोइपेटची सीमा, पुढे 150 किलोमीटर बस, हा वर्षानुवर्षांचा सर्वांत स्वस्त मार्ग. जून 2025 मध्ये थायलंड-कंबोडिया वादात सीमेवरची ठाणी बंद झाली. 1907 च्या फ्रेंच नकाशावरून सीमेवरच्या प्रेआ विहार देवळाचा खटला 1962 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात कंबोडियाने जिंकला होता. आजच्या भांडणाच्या मुळाशीही सीमेचे तेच नकाशे आहेत. ठाणी उघडल्याची खात्री केल्याशिवाय बँकॉकपर्यंतचंच तिकीट काढून बसू नये. विमानाने आलात तर ऑक्टोबर 2023 पासून विमानतळ गावाजवळचा राहिलेला नाही. नवा सुमारे 50 किलोमीटरवर आहे, बसने तासभर. नॉम पेनला उतरलात तर बसचे सहाएक तास धरा.

आता क्रम. पहिला दिवस: सकाळी रोलुओस, दुपारनंतर पूर्व मेबोन आणि प्रे रूप, जे संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं. दुसरा: सकाळी लवकर बान्तेय स्रेई, कारण ते पूर्वाभिमुख आहे, आणि दुपारी अंगकोर वाट. बाकानला, म्हणजे देवळाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, रांग असते, खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, नुसती ओढणी खांद्यावर टाकून चालत नाही. बौद्ध उपोसथाच्या दिवशी ते बंद असतं, तारीख आधी पाहावी. तिसरा: सूर्योदय हवाच असेल तर पाचला अंगकोर वाट, मग गर्दी न्याहारीला पांगली की साडेसातला बायोन, बाफुओन, ता प्रोम, शेवटी प्रेआ खान. टुकटुकचा भाव आदल्या रात्री ठरवावा, आणि बान्तेय स्रेई तसंच पहाटेचं निघणं त्यात धरलं आहे का ते तेव्हाच विचारावं. तिसऱ्या दिवसाचं सायकलवरही जमतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. एप्रिलच्या उन्हात नको.