गोमेकॉत एमबीबीएसला जागा मिळेल का? नीटच्या गुणांपेक्षा गोव्याच्या यादीतला क्रमांक पाहा

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, प्रवेश मिळेल की नाही हे अजमावताना बहुतेक पालक नीटचे, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेचे, गुण धरून बसतात. मागच्या वर्षी शेजारच्या मुलीला अमुक गुणांना जागा मिळाली, मग आमच्या मुलाला का नाही, असा हिशेब चालतो. तो फसवा आहे. २०२४ मध्ये नीटमध्ये ७२० पैकी ७२० मिळवणारे अनेक निघाले. २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचा भाग अवघड होता आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषाही १६२ वरून १४४ वर आली. त्यामुळे एका वर्षीच्या गुणांना दुसऱ्या वर्षी तोच अर्थ उरत नाही.

ही रेषा ओलांडली म्हणजे माणूस फक्त रांगेत उभा राहतो, जागा मिळत नाही. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल (म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणे; हे टक्के नव्हेत) आणि एससी, एसटी, ओबीसींना ४० पर्सेंटाइल लागते. त्यासोबत बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी उत्तीर्ण हवे. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि आरक्षित गटांना ४० टक्के लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. वयाची कमाल मर्यादा आता नाही.

खरा हिशेब जागांपासून सुरू होतो. गोमेकॉच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि त्या दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत, म्हणजे एमसीसीमार्फत, भरल्या जातात. उरलेल्या जागांची प्रक्रिया पर्वरीचे तंत्रशिक्षण संचालनालय करते. गोव्यातल्या आरक्षणाचे मुख्य आकडे ओबीसी २७, एसटी १२, आर्थिक दुर्बल घटक १० आणि एससी २ टक्के असे आहेत. काही छोटे विशेष कोटेही असतात. म्हणजे खुल्या गटासाठी मोटामोटी निम्म्या जागा उरतात.

आता संचालनालयाच्या संकेतस्थळावर जा आणि मागच्या तीन वर्षांच्या गुणवत्ता याद्या (नीटच्या गुणांवरून लावलेला गोव्यातल्या अर्जदारांचा क्रम) व फेरीनिहाय प्रवेशाच्या याद्या उघडा. तुमच्या प्रवर्गात शेवटच्या फेरीअखेर कोणत्या क्रमांकापर्यंत जागा गेल्या ते पाहा. पहिल्या फेरीवर थांबू नका. वरच्या क्रमांकांची काही मुले एम्स, पुदुच्चेरीचे जिपमर किंवा इतर राज्यांतली महाविद्यालये निवडतात, त्यांच्या जागा रिकाम्या होतात आणि यादी खाली सरकते. समजा, तुमच्या प्रवर्गात तीन वर्षांत शेवटचा क्रमांक ४४, ४७ आणि ५२ होता (हे आकडे केवळ उदाहरणादाखल) आणि तुमचा क्रमांक ४० आला, तर आशा बळकट आहे. ४९ आला तर शेवटच्या फेरीपर्यंत थांबण्यात अर्थ आहे. ८० आला तर त्याच दिवशी दुसऱ्या पर्यायांचा अर्ज भरा. गोवा लहान असल्याने इथे पाच क्रमांकांचा फरकही मोठा असतो. म्हणूनच देशपातळीवरच्या रँकपेक्षा हा अंदाज जास्त भरवशाचा ठरतो. मात्र त्या वर्षी जागा वाढल्या वा घटल्या असतील तर तेवढा फरक धरा.

हा सगळा हिशेब कागदपत्रांवर उभा आहे. हातात दाखला नसेल तर आरक्षित जागेवर हक्क सांगता येत नाही, आणि गोव्यातली अनेक हुशार मुले इथेच अडखळतात. रहिवासी दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो. किती वर्षांचे वास्तव्य हवे आणि बारावी गोव्याबाहेर केलेल्यांना काय नियम लागू होतो, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचावे. मागच्या वर्षीची पुस्तिका चालत नाही. ओबीसींनी क्रिमी लेयरमध्ये नसल्याचा दाखला ताजा ठेवावा. एमसीसीला केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि राज्याच्या प्रक्रियेला राज्याचा. दोन्ही ठिकाणी अर्ज करणाऱ्यांनी आपली जात केंद्राच्या यादीतही आहे का, हे आधी तपासावे. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला त्या आर्थिक वर्षाचा हवा, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे.

याशिवाय नीटचे प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, जन्मदाखला, आधार आणि नीटच्या अर्जाला लावलेल्याच फोटोच्या प्रती जवळ ठेवा. आडनावाचे स्पेलिंग जन्मदाखल्यावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे असेल, तर निकालाची वाट न पाहता मार्चमध्येच दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्राच्या मागे लागा. सत्तरी किंवा काणकोणच्या मुलांना ऐन जुलैत कचेरीच्या खेपा घालणे फार जड जाते.

नीट दिली म्हणजे गोव्याचा अर्ज आपोआप होतो, हा समज चुकीचा आहे. संचालनालयाचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि एमसीसीचाही वेगळा. एमसीसीकडे अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या गटाला १,००० रुपये नोंदणी शुल्क आणि १०,००० रुपये अनामत लागते. अभिमत विद्यापीठांसाठी (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या, बहुतेक खाजगी संस्था) मात्र ५,००० आणि तब्बल दोन लाख. बेळगाव, कोल्हापूर, मणिपाल इथल्या अभिमत महाविद्यालयांचा विचार करताना वार्षिक शुल्क वाचूनच पसंती टाका. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तरी अनामत जात नाही, दुसऱ्या फेरीनंतर ती जाऊ शकते.

नीटच्याच गुणांवर बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात बीडीएस, आणि शिरोड्याला बीएएमएस (आयुर्वेद) व बीएचएमएसही (होमिओपॅथी) करता येते. पेडण्यातल्या धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र २०२२ पासून आहे. पसंतीक्रम भरताना मनापासून हवे ते वर लिहा, मिळण्याची शक्यता जास्त आहे म्हणून खालचे वर आणू नका. वाटप गुणवत्तेनुसारच होते आणि वर लिहिलेला पर्याय हुकला तरी खालच्यावरचा हक्क कमी होत नाही. पैसे घेऊन सरकारी जागा मिळवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.