२३, २५ की ३०? लठ्ठपणाची सरकती रेघ

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं सूत्र १८३०च्या दशकातलं. ते काढणाऱ्या बेल्जियन गणितज्ञाला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, रोगी नव्हे. त्याला बीएमआय हे नाव मिळालं १९७२ साली. मराठवाडा तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होता, रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी खात होता. पोट सुटलेला माणूस इथे ‘खात्यापित्या घरचा’ म्हणवला जायचा.

२५च्या पुढे जादा वजन आणि ३०च्या पुढे लठ्ठ, ही जागतिक रेघ १९९०च्या दशकातली, मुख्यतः गोऱ्या लोकांच्या आजार-मृत्यूंवरून आखलेली. आपल्या शरीराला ती लागू पडेना. तेवढ्याच बीएमआयला भारतीय माणसात चरबी ३ ते ५ टक्क्यांनी जास्त आणि स्नायू कमी असतात. शिवाय ही चरबी पोटात, यकृतात साठते. मग यकृत आणि स्नायू रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला दाद देत नाहीत, आणि हडकुळ्या हातापायांच्या माणसालाही साखर निघते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात २.७ किलोच्या आसपासची बाळंसुद्धा वजनाच्या मानाने चरबी राखून जन्मलेली दिसली.

खरा घोळ यानंतरचा. २००० साली आशियासाठी जादा वजनाला २३ आणि लठ्ठपणाला २५ हे आकडे सुचवले गेले. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २५-३० तसेच ठेवले आणि २३ व २७.५ हे नुसते ‘कृतीचे टप्पे’, म्हणजे इथून काळजी घ्यायला लागा अशा खुणा, म्हणून जोडले. म्हणजे धड होकार नाही, धड नकारही नाही. २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी २३ला जादा वजन, २५ला लठ्ठपणा धरला. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०. १६० सेंमी उंचीचा, ७० किलोचा माणूस घ्या. बीएमआय २७.३. जागतिक तक्त्यात तो नुसता ‘जादा वजनाचा’, आपल्या तक्त्यात लठ्ठ. सरकारी कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मात्र अजून २५चीच जादा वजनाची रेघ धरतं. २०१९-२१च्या फेरीत या रेघेच्या पुढे २४ टक्के बायका आणि २३ टक्के पुरुष होते. बातम्यांत हाच आकडा कधी ‘लठ्ठ’ म्हणून छापला जातो, कधी ‘जादा वजन’ म्हणून. जानेवारी २०२५च्या भारतीय मांडणीने तर २३ पासूनच लठ्ठपणा धरला आणि त्याचे दोन टप्पे केले: अवयवांवर परिणाम न दिसणारा, आणि कमरेचा घेर वाढून त्रास वा जोडआजार सुरू झालेला.

दरम्यान ताटही बदललं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया किलो होतं, पण मराठवाड्याच्या या ज्वारीच्या पट्ट्यात रेशनवर आला तो बहुतेक गहू आणि तांदूळच.

काट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलते, पण ती नीट लावली तर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर, उघड्या अंगावर. लुगड्याच्या निऱ्यांवरून घेतलेलं माप फुगतं, पोट आत ओढून घेतलेलं घटतं. पॅन्टचा नंबर तर धरूच नये. ३४ इंच म्हणजे ८६ सेंमी, पुरुषांच्या मर्यादेच्या आत. पण तो पट्टा पोटाखाली बांधलेला असतो.