पेट स्कॅनरची परीक्षा कशी घडत गेली

पेट स्कॅनर म्हणजे शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्यातून येणारे किरण टिपून आतली प्रतिमा काढणारे यंत्र. त्याचा नवा नमुना बांधून झाला की त्यात आधी माणूस जात नाही, फँटम जातो. फँटम म्हणजे पाण्याने भरलेले प्लास्टिकचे भांडे. त्यात मोजून घातलेले किरणोत्सारी फ्लोरिन-१८ असते. आत कुठे किती आहे हे आधीच ठाऊक असल्याने प्रतिमा किती खरी आहे ते पडताळता येते.

१९७० च्या दशकात सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात टेर-पोगोसियन, फेल्प्स आणि हॉफमन सुरुवातीचे पेट स्कॅनर बांधत होते, तेव्हा ही पडताळणी ज्याची त्याची होती. १९९१ मध्ये संशोधक जोएल कार्प आणि सहकाऱ्यांनी मोजमापाची समान पद्धत मांडली. पुढे १९९४ मध्ये नेमा या अमेरिकी संघटनेने एनयू-२ हे मानक काढले. नेमा ही विद्युत उपकरणे बनवणाऱ्यांचीच संघटना. परीक्षार्थीच पेपर काढतोय असे वाटेल, पण त्यामागचे काम संशोधकांचेही होते.

त्यातला फँटम २० सेंटिमीटर व्यासाचा, लांबीलाही साधारण तेवढाच. मेंदूच्या स्कॅनपुरता तो ठीक होता. मग कर्करोगासाठी पूर्ण शरीर तपासले जाऊ लागले आणि शोधकांच्या (किरण टिपणाऱ्या घटकांच्या) कड्यांमधले, तिरके किरण अडवणारे धातूचे पडदे काढून थ्रीडी मोजणी आली. संवेदनशीलता कितीतरी वाढली, पण स्कॅनरबाहेर राहिलेल्या मेंदूतून, मूत्राशयातून येणारे किरणही शोधकांवर आदळू लागले. आखूड फँटमला बाहेर राहणारे अंगच नव्हते, त्यामुळे हा त्रास चाचणीत दिसतच नसे. २००१ च्या आवृत्तीत म्हणूनच ७० सेंटिमीटर लांबीचा फँटम आला.

प्रतिमेच्या दर्जासाठी १० ते ३७ मिलिमीटर व्यासाचे सहा पोकळ गोल वापरतात. खरा कस लागतो तो सर्वांत लहान गोलावर. तो प्रत्यक्षात असतो त्याहून बहुधा फिका दिसतो. विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळचे बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता, मोजताना मात्र प्रतिमा फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन या जुन्या गणिती रीतीनेच उभी करायची, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरच्या झळाळीखाली शोधकांचे उणेपण लपत नाही. हा नियम मला सगळ्यात शहाणा वाटतो.

पुढची अडचण शोधकांमधल्या, किरण टिपणाऱ्या स्फटिकांनीच आणली. एलएसओ या स्फटिकातले ल्युटेशियम-१७६ स्वतःच किरणोत्सारी असते. २००७ मध्ये मानकाला त्याचीही सोय करावी लागली.

मग स्कॅनरच लांब होऊ लागले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पेनपेट एक्सप्लोरर या स्कॅनरच्या ६४ सेंटिमीटर लांबीच्या नमुन्याची मोजमापे २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रमुख लेखक तेच कार्प. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला यूएक्सप्लोरर तर १९४ सेंटिमीटरचा. ७० सेंटिमीटरचा फँटम त्यात पुरता बुडतो, म्हणून तिथे नेमाच्या चाचण्यांसोबत अधिक लांब फँटमवरही मोजमापे घेतली गेली.