लेहची पहाट आणि एक जास्तीचं पॅनल

एप्रिलच्या दुपारी ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनलला हात लावला, तर चटका बसतो. काचेखालचं सिलिकॉन तेव्हा सहज ६५ अंशांवर पोचलेलं असतं. ऊन कडक म्हणजे वीज भरपूर, हा आपला समज अर्धाच खरा. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. कंपनीच्या माहितीपत्रकावरचे वॅट सेल, म्हणजे पॅनलमधले सिलिकॉनचे तुकडे, २५ अंशांवर ठेवून मोजलेले असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. ६५ अंशांवर १४ टक्के गेलेच.

आमच्या मजल्यावरचा एक मुलगा महापेच्या एका ऑफिसात सोलरची डिझाइनं करतो. त्याला म्हटलं, ‘‘मग लेहला तुमची चंगळच असेल!’’ तर म्हणाला, ‘‘काका, तिथं एक पॅनल जास्त जोडलं तर इन्व्हर्टर जातो.’’

इन्व्हर्टर म्हणजे पॅनलची वीज घरच्या वापराजोगी करणारं यंत्र. गोम व्होल्टेजमध्ये आहे. सिलिकॉन तापलं की त्याच्या आत विद्युतभारांची गळती वाढते आणि व्होल्टेज उतरतं. थंडीत ही गळती आटते, व्होल्टेज चढतं. समजा, एका पॅनलचं खुलं व्होल्टेज, म्हणजे त्यातून कुणी वीज खेचत नसतानाचं, २५ अंशांना ५० आहे आणि दर अंशाला ते ०.२८ टक्क्यांनी बदलतं. पॅनलं माळेसारखी एकामागे एक जोडतात, म्हणजे व्होल्टेजची बेरीज होते. इन्व्हर्टरची मर्यादा १००० व्होल्ट. ठाण्यात थंडी १० अंशांपर्यंत धरली, तर एक पॅनल ५२.१ व्होल्ट देईल. १९ पॅनलं चालतात. लेहसाठी उणे २५ धरलं, तर तेच पॅनल ५७ व्होल्टांवर जातं. मग १८ पॅनलांचे १०२६ होतात. थांबायचं १७ वर.

आणि हे संकट भर दुपारी येत नाही. दुपारी पॅनल तापलेलं असतं, इन्व्हर्टर वीज खेचत असतो. धोका पहाटेचा. रात्रभर गारठलेल्या पॅनलवर पहिलं ऊन पडतं, इन्व्हर्टर अजून जागा झालेला नसतो. प्रकाश थोडा, त्यामुळे करंट किरकोळ. पण व्होल्टेजला पूर्ण ऊन लागत नाही, थोड्या प्रकाशातही ते जवळपास वरच्या टोकाला जाऊन बसतं. वर्षातल्या सगळ्यात थंड पहाटेची ती काही मिनिटं माळेची लांबी ठरवतात. मला यातलं हेच सगळ्यात आवडलं.

बर्फाचा विचार त्यामानाने सोपा. ठाणे १९ अक्षांशावर, लेह ३४ वर. हिवाळ्यात तिथला सूर्य दुपारीही बराच खाली असतो. म्हणून पॅनल ५० अंशांच्या आसपास तिरपं करतात. बर्फही घसरतो, फक्त खाली साचायला जागा सोडावी लागते. लेहमध्ये बर्फ तसा बेताचाच, खरी परीक्षा द्रासकडे. अख्ख्या, म्हणजे अर्धे न कापलेल्या सेलच्या पॅनलमध्ये लांबीच्या दिशेने सेलचे तीन स्वतंत्र पट्टे असतात. पॅनल आडवं लावलं, तर खालच्या काठावर अडकलेला बर्फ एकच पट्टा झाकतो, उरलेले दोन चालू राहतात. उभं लावलं, तर तोच बर्फ तिन्ही पट्टे अडवतो. उलट ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतो, म्हणून दोन्ही बाजूंनी वीज बनवणारी पॅनलं तिथं शोभतात.

पॅनलला थंडी मानवते, बॅटरीला अजिबात नाही. नेहमीची लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली, तर लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर थर धरतं आणि बॅटरी कायमची बिघडते. लेड-ॲसिडची गंमत निराळी. पूर्ण भरलेली असेल तर आतलं ॲसिड उणे ५० लाही गोठत नाही. रिकामी झाली की ॲसिड पातळ होऊन जवळजवळ पाणीच उरतं आणि उणे १० च्या आसपास गोठून डबा फोडतं. म्हणून बॅटरी उबदार पेटीत ठेवायची. पण लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे पेटी घट्ट बंद करता येत नाही. उब आत राहावी आणि वायू बाहेर जावा, असं भोक कुठं पाडायचं, यावर तो मुलगा सध्या डोकं खाजवतोय.