मूल १८ वर्षांचं झाल्यावर: कायदेशीर पालकत्वाचा अर्ज

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला १८ वर्षं पूर्ण झाली की आईवडील कायद्याने त्याचे पालक उरत नाहीत. अनेक घरांना हे कळतं ते एखाद्या व्यवहारात सही अडते तेव्हा. अशांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तरतूद आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठीच ती लागू होते.

अर्ज करायचा तो जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे, कोर्टात नाही. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आईवडील दोघं हयात असतील तर अर्ज एकत्र करावा लागतो. एकाचा मृत्यू, घटस्फोट अशी परिस्थिती असेल तर दुसऱ्याला एकट्याने करता येतो. दोघंही नसतील तर भावंडं, आणि निराधार व्यक्तीसाठी नोंदणीकृत संस्था.

सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि होणाऱ्या पालकाची लेखी संमती लागते. बाकी जोडपत्रांची यादी समितीच्या कार्यालयातूनच घ्यावी, म्हणजे परत फेरी पडत नाही.

खरा विचार करायचा तो पुढच्या मुद्द्यावर. समितीला दोन गोष्टी तपासाव्याच लागतात: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास नेमक्या कोणत्या कामांसाठी? पुष्कळ जण सरळ 'सर्व बाबींसाठी' लिहून मोकळे होतात. तसं करू नका. मुलगी स्वतः बसने कामाला जात असेल, कोणासोबत राहायचं हे सांगू शकत असेल, तर फक्त मालमत्तेपुरतं किंवा मोठ्या रकमेच्या व्यवहारांपुरतं पालकत्व मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्वही दोघांनी मिळून निर्णय घेण्यावरच उभं आहे. समितीसमोर तिला घेऊन जा, आणि प्रश्न तिला विचारले गेले तर उत्तरं तिलाच देऊ द्या.

नेमणुकीनंतर ६ महिन्यांत मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून ३ महिन्यांत हिशेब.

पालकाने हेळसांड, छळ किंवा पैशांची अफरातफर केली तर त्याला हटवण्यासाठी आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे अर्ज करू शकतात. ज्या व्यक्तीसाठी पालक नेमला आहे तिचं नाव या यादीत नाही, हे मला खटकतं. म्हणूनच पालकाखेरीज आणखी एका नातेवाइकाचं किंवा संस्थेचं तिच्याकडे नियमित येणं-जाणं असावं, हे नेमणुकीच्या वेळीच ठरवून ठेवा.