उस्मानाबादी म्हणजे नेमकी कोणती शेळी?

2023 मध्ये जिल्हा धाराशिव झाला, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. तशी ती त्या नावापेक्षा जुनीच. निजामाच्या नावावरून गावाला उस्मानाबाद म्हणू लागण्याआधीपासून बालाघाटाच्या माळावर, तुळजापूर-उदगीरच्या पट्ट्यात ती बोरी-बाभळीच्या पाल्यावर जगत आली. दुष्काळात बैलजोडी विकली तरी दारची शेळी बहुतेक घरांनी राखली.

घरगुती पैदाशीचा विषय बदलला तो गेल्या तीसेक वर्षांत. 1990 च्या दशकात आदर्श गावांच्या पंचसूत्रीत चराईबंदी आली आणि झाडपाला खाणारी शेळी गुन्हेगार ठरली. मग बंदिस्त (गोठ्यातच चारा देऊन) आणि अर्धबंदिस्त पालन आले. त्यापाठोपाठ राज्याच्या योजनेतून 10 शेळ्या आणि 1 बोकड असा अनुदानाचा गट आला. 2021 मध्ये या गटासाठी उस्मानाबादी शेळीला 8,000 आणि बोकडाला 10,000 रुपये धरले गेले. त्याच वर्षी केंद्राच्या योजनेने 100 शेळ्या आणि 5 बोकडांपासून पुढचे मोठे गट धरले. घरच्या चार माणसांना तो पसारा पेलणे अवघड, असे माझे मत आहे.

खरा घोळ आहे तो 'जातिवंत' या शब्दाचा. उस्मानाबादी बहुतांशी काळी असते, पण सगळी नाही. पांढरी, तपकिरी, ठिपक्यांचीही असते. योजनेची खरेदी सुरू झाली आणि काळा रंग हीच ओळख होऊन बसली. बाजारात काळी, लांब कानाची कोणतीही शेळी उस्मानाबादी म्हणून खपते. आईने तीन वेतांत तीनदा जुळी दिलेली तपकिरी पाट (तरुण मादी) मात्र खाटकाच्या दावणीला जाते. हे नुकसान रंगाचे नाही, रक्ताचे आहे. जुना जाणकार रंग शेवटी बघतो. आधी ओठ उचलून दात मोजतो, दोन दाती की चार दाती. मग कास चाचपतो, दोन्ही सड मोकळे आहेत ना. आणि विचारतो, 'हिची आई किती करडे देत होती?' योजनेच्या कागदावर या प्रश्नाला रकानाच नाही.

दुसरी अडचण त्या एका बोकडाची. शेळी पाच महिन्यांत विते, दोन वर्षांत तीन वेत सहज होतात. त्यामुळे दुसऱ्याच वर्षी बोकडाच्या लेकी माजावर येतात आणि बोकड तोच असतो. जवळच्या रक्तातली करडे अशक्त निघतात, मरतुक वाढते, आणि दोष चाऱ्याला नाहीतर रोगाला दिला जातो. दर दोन वर्षांनी बोकड बदलावा हे सगळ्यांना माहीत आहे. बदलायला दुसरा आणायचा कुठून, याची सोय गटात नाही. काही गावांत दोन-तीन घरे आपसात बोकड फिरवतात, आणि माझ्या मते आजवरचा सर्वात शहाणा उपाय तोच.

अलीकडे बोअर या परदेशी मांसल जातीचा संकर आला. वजन वाढते, म्हणून लोक वळतात. पण चांगल्या रक्ताची त्याहून मोठी गळती बकरी ईदच्या बाजारात होते. दमदार, उंच, तेजदार बोकडाला तिथे चढा भाव मिळतो; तोच कळपाचा बाप व्हायला हवा होता. घरी राहतो तो ज्याला गिऱ्हाईक आले नाही.