युद्धाचे फोटो : खरे की मांडलेले, हा वाद आला कुठून

युद्धाचा एखादा गाजलेला फोटो समोर आला की कुणीतरी म्हणतंच, हा तर मुद्दाम सेट करून काढलाय. फोटोत मांडामांड करणं तसं फार जुनं, त्यावरून भांडणं मात्र बरीच नंतर सुरू झाली.

सुरुवात क्रिमियाच्या युद्धापासून. एप्रिल 1855 मध्ये ब्रिटिश फोटोग्राफर रॉजर फेंटनने क्रिमियातल्या सेवास्तोपोल शहराजवळ एकाच जागेवरून दोन फोटो घेतले, एकात तोफगोळे कडेच्या चरात आहेत आणि दुसऱ्यात रस्त्यावरही पसरलेत. मग आधीचा कुठला? अमेरिकन माहितीपटकार एरॉल मॉरिस थेट क्रिमियाला जाऊन आला, पण उत्तर शेवटी फोटोतल्याच उतारावरच्या बारीक दगडांनी दिलं, रस्त्यावर गोळे असलेल्या फोटोत ते थोडे खाली घसरलेले दिसतात, म्हणजे तो नंतरचा. गोळे कुणी आणि कशासाठी हलवले हे मात्र दगड सांगत नाहीत.

लखनौच्या सिकंदरबागेतली लढाई नोव्हेंबर 1857 ची, फोटोग्राफर फेलिचे बिआतो तिथे पोचला 1858 मध्ये. त्याच्या फोटोतली हाडं आवारात मुद्दाम पसरवली होती असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईचं प्रकरण मला सगळ्यात जास्त खुपतं. तेव्हा काचेच्या ओल्या प्लेटा असायच्या, एक्स्पोजरला काही सेकंद लागायचे, त्यामुळे चालू लढाई टिपणं शक्यच नव्हतं, लढाई संपल्यावर जे उरलंय तेच मिळणार. जुलै 1863 मध्ये फोटोग्राफर अलेक्झांडर गार्डनरच्या टीमने एका मेलेल्या सैनिकाला साधारण 40 यार्ड उचलून नेऊन दगडांच्या आडोशाला ठेवलं, शेजारी बंदूक उभी केली. 1975 मध्ये इतिहासकार विल्यम फ्रासानिटोने जुने फोटो आणि तिथले खडक ताडून हे मांडलं. प्रेत हलवलं हे वाईटच, पण गार्डनरने 1866 च्या पुस्तकात त्याला शार्पशूटर ठरवून मरणाची अख्खी गोष्ट रचली, नोव्हेंबरमध्ये परत गेलो तर सांगाडा तिथेच होता असंही लिहिलं, आणि ते मला जास्त वाईट वाटतं कारण तो कुणाचा तरी मुलगा होता आणि त्याचं खरं मरण त्यात कायमचं झाकलं गेलं.

मग छोटे 35 मिमी कॅमेरे आले आणि लोक धरूनच चालले की फोटो म्हणजे तोच क्षण. म्हणून स्पेनच्या यादवी युद्धात 1936 मध्ये रॉबर्ट कापाने काढलेल्या, गोळी लागून कोसळणाऱ्या सैनिकाच्या फोटोवरचा वाद इतका पेटला. जागा सेर्रो मुरियानो मानली जायची, 2009 मध्ये सुस्पेरेगी या स्पॅनिश अभ्यासकाने मागच्या डोंगररेषा जुळवून ती सुमारे 50 किलोमीटरवरचं एस्पेखो असल्याचं दाखवलं, आणि फोटो काढला तेव्हा, सप्टेंबरच्या सुरुवातीला, तिथे लढाई नव्हती. मूळ निगेटिव्हही सापडलेली नाही.

बर्लिनमधल्या राइशस्टाग या संसदभवनावर सोव्हिएत झेंडा लावतानाचा येवगेनी खाल्देईचा मे 1945 चा फोटो तर ठरवूनच काढलेला होता, झेंडा टेबलक्लॉथपासून शिवलेला, नंतर फोटोतल्या एका सैनिकाच्या मनगटावरचं घड्याळ खोडलं आणि धूर वाढवला.

इवो जिमा या जपानी बेटावरच्या फोटोचं नेमकं उलट आहे. 23 फेब्रुवारी 1945 ला जो रोझेन्थालने अमेरिकन सैनिक झेंडा उभारतानाचा फोटो घेतला, तो त्या दिवशीचा दुसरा झेंडा होता. त्यानंतर सैनिकांना एकत्र उभं करून त्याने एक ग्रुप फोटोही काढला. पोझ दिली होती का असं पुढे विचारलं तेव्हा तो ग्रुप फोटोबद्दल विचारताहेत असं समजून हो म्हणाला, आणि सेट केल्याचा आरोप आयुष्यभर मागे लागला. खरं तर त्याच्या शेजारी उभं राहून लष्करी कॅमेरामन बिल जेनॉस्ट तेच दृश्य फिल्मवर घेत होता, आणि त्या फिल्ममध्ये स्पष्ट दिसतं की कुणी थांबलं नाही, कुणी कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. जेनॉस्ट नऊच दिवसांनी त्याच बेटावर मारला गेला.